रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी: गाडीच्या म्युझिक सिस्टममधला नको असलेला आवाज मुळातून कसा काढायचा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. गाडी बंद असताना गाणं स्वच्छ वाजतं. सेल्फ मारला की ट्वीटरमधून (उंच सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरमधून) बारीक ‘कुंईऽऽ’ सुरू होतं, रेस दिली की चढतं, पाय काढला की उतरतं. ॲक्सेसरीजवाला पॉवरच्या वायरीत एक फिल्टर टाकून देतो. महिनाभर बरं चालतं आणि पहिल्या पावसानंतर शिट्टी पुन्हा हजर. मग दुसरा फिल्टर, मग स्टिरिओतून ॲम्प्लिफायरला (ॲम्पला) गाण्याचा सिग्नल नेणारी महागडी आरसीए केबल, आणि शेवटी ‘ॲम्पच बदला’.

आवाज परत येतो, कारण तो नेमका कुठून शिरतो हे कोणी शोधलेलंच नसतं. शिरण्याची जागा सापडली की बहुतेक वेळा पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक चांगला लग (वायरीच्या टोकाला बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली धातूची पट्टी) एवढ्यावर काम भागतं. म्हणून आधी शोध, मग खरेदी. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो.

खाली जी गाडी गृहीत धरली आहे ती आपल्याकडे सर्रास दिसणारी: डॅशमध्ये बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ, डिकीत किंवा सीटखाली चार चॅनलचा ॲम्प, मागे सबवूफर. कंपनीचाच स्टिरिओ ठेवून ॲम्प जोडला असेल तर त्याचं वेगळं सांगितलं आहे.

शिट्टी तयार कुठे होते

इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आतमध्ये तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. गाड्यांच्या अल्टरनेटरला बहुधा १२ पोल असतात, म्हणजे रोटरच्या एका फेऱ्याला ३६ लाटा. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर असेल आणि अल्टरनेटरची पुली त्याच्या अडीच पट वेगाने फिरत असेल, तर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे करतो. हिशेब केला तर सेकंदाला १२०० लाटा, म्हणजेच १२०० हर्ट्झचा सूर. रेस देऊन इंजिन २५०० वर नेलं की तोच सूर ३७५० हर्ट्झवर चढतो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि शिट्टी नेमकी तिथेच येऊन बसते. शिवाय हा पट्टा वरच्या स्पीकरचा आणि ट्वीटरचा आहे. सबवूफरमधून शिट्टी ऐकू येत असेल तर त्या चॅनलचा लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे जाऊ देणारा) बंद राहिलाय, हे आधी बघा.

किती कचरा पुरतो? ॲम्पच्या इनपुटला फक्त २ मिलिव्होल्ट आले आणि ॲम्पने ते दहा पट वाढवले, तर स्पीकरवर २० मिलिव्होल्ट पडतात. ४ ओहमच्या स्पीकरला ही वॉटच्या दहा हजाराव्या भागाएवढी ताकद झाली. पण स्पीकर एका वॉटला ९० डेसिबल देणारा असेल तर एवढ्याशा ताकदीतूनही सुमारे ५० डेसिबल निघतात. बंद काचांच्या उभ्या गाडीत ते स्पष्ट ऐकू येतं.

हे २ मिलिव्होल्ट येतात ते बहुतेक वेळा अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जिथे जोडली त्या जागांच्या, फरकातून. स्टिरिओचं अर्थिंग डॅशमागे एका ठिकाणी, ॲम्पचं डिकीत दुसऱ्या ठिकाणी. बॉडी लोखंडाची असली तरी दोन्ही जागांचा व्होल्टेज सारखा नसतो, कारण त्याच बॉडीतून हेडलाइट, ब्लोअर, फ्युएल पंप, सगळ्यांचा करंट बॅटरीकडे परतत असतो. या दोन जागांना जोडणारी तिसरी वाट म्हणजे आरसीए केबलची बाहेरची जाळी. अर्थिंग कमजोर असलं की करंट या जाळीतून पळायला लागतो, आणि ॲम्पच्या दृष्टीने तोही गाण्याचाच भाग होतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पॉवर वायर आणि आरसीए एकाच बाजूने नेली म्हणून आवाज येतो असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण खरा गुन्हेगार त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा अर्थिंग निघतं.

आधी कान, मग मीटर

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी करू नका, धूर जीव घेतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, एसी आणि ब्लोअर बंद. आता आवाजाचा स्वभाव ओळखायचा.

रेसबरोबर चढणारी सलग शिट्टी म्हणजे अल्टरनेटर. रेसबरोबर वेग वाढवणारी ‘टिकटिक’ म्हणजे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतातच, त्यामुळे तिथे टिकटिक आली तर प्लग बदलायच्या भानगडीत पडू नका. किल्ली ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ होऊन थांबलं तर तो फ्युएल पंप. तो बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली टाकीत असतो आणि आरसीए केबल बरेचदा त्याच्या वायरिंगला चिकटूनच गेलेली असते. इंजिन बंद असो वा चालू, एकसारखी ‘सूंऽऽ’ येत असेल तर ती हिस. तिचा इंजिनशी काही संबंध नाही. इंडिकेटरच्या तालावर ‘टक टक’ येत असेल तर स्टिरिओचं अर्थिंग इंडिकेटरच्या वायरिंगबरोबर एकाच पातळ वायरीत अडकलंय.

सीएनजी गाडीत एक सोपी चाचणी हाताशी असते. टिकटिक चालू असताना बटण दाबून गाडी गॅसवरून पेट्रोलवर घ्या. आवाज थांबला किंवा त्याचा पोत बदलला तर गॅसच्या इंजेक्टर रेलचं वायरिंग संशयित. पेट्रोलवरही तसाच राहिला तर कॉइल आणि प्लगकडे वळा.

पुढचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाजही गेला तर तो व्हॉल्यूमच्या आधीच शिरतोय, म्हणजे फोन, ऑक्स, एफएम, पेन ड्राइव्ह यांपैकी कशातून तरी. व्हॉल्यूम शून्य असूनही आवाज तसाच राहिला तर तो स्टिरिओच्या नंतर शिरतोय: आरसीए, ॲम्प, अर्थिंग. या एका उत्तराने निम्मी गाडी तपासणीतून बाद होते.

व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त होत असेल तर

फोन ऑक्स केबलने जोडलाय आणि त्याच वेळी सिगारेट लायटरच्या चार्जरवर लावलाय? चार्जर काढा. आवाज गेला तर शोध संपला. चार्जरचं अर्थिंग आणि ऑक्सचं अर्थिंग मिळून लहानसा लूप तयार झाला होता. ब्लूटूथ वापरा किंवा फोन स्टिरिओच्याच यूएसबीवर चार्ज करा. ऑक्सच हवं असेल तर ऑक्सच्या वायरीत हा लूप तोडणारा ३.५ एमएमचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. आयसोलेटरचा वापर इथे रास्त आहे.

फक्त एफएमवरच खरखर असेल तर अर्थिंगच्या मागे लागू नका. डॅशकॅमचा चार्जर, स्वस्त मोबाइल चार्जर, बाहेरून टाकलेले एलईडी हेडलाइट बल्ब, यांच्या आतल्या स्विचिंग सर्किटची रेडिओ लहर अँटेना पकडतो. एकेक उपसून बघा. नुसता बटणाने बंद करून भागत नाही, सॉकेटमधून काढा. आणि स्टिरिओ बदलल्यापासूनच एफएम मरगळला असेल तर अँटेनाचा बूस्टर तपासा. शार्क फिन किंवा आखूड काडीच्या अँटेनात छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा स्टिरिओ ते देत होता. नव्या स्टिरिओची ‘अँटेना पॉवर’ लिहिलेली निळी वायर बसवणाऱ्याने टेप मारून तशीच सोडलेली असते. ती अँटेना ॲडॅप्टरच्या निळ्या वायरीला जोडली की स्टेशनं परत येतात.

रिव्हर्स कॅमेराही एक वाट आहे. त्याची व्हिडिओ केबल स्टिरिओला आरसीएनेच जोडलेली असते आणि त्याचं अर्थिंग मागच्या लाइटजवळ केलेलं असतं. स्टिरिओमागचं पिवळं आरसीए काढून ऐका.

व्हॉल्यूम शून्य असूनही आवाज असेल तर

इथे साखळी मागून पुढे तोडत यायची. त्यासाठी एक छोटी वस्तू घरी बनवा. दोन आरसीए मेल पिना घ्या आणि प्रत्येकीची मधली पिन बाहेरच्या कड्याला सोल्डर करून जोडा. हे झाले शॉर्टिंग प्लग. ॲम्प बंद करा, त्याच्या इनपुटमधली आरसीए केबल काढा आणि त्या जागी हे प्लग घाला. ते फक्त ॲम्पच्या इनपुटला लावायचे, स्टिरिओच्या आउटपुटला कधीही नाही. आरसीए काढताना-घालताना दर वेळी सिस्टम बंद ठेवायची, त्याचं कारण पुढे येईल.

इंजिन सुरू करा, ॲम्प चालू करा, रेस द्या.

प्लग लावूनही शिट्टी राहिली तर बिघाड ॲम्प, त्याची पॉवर, त्याचं अर्थिंग किंवा स्पीकरच्या वायरी यांत आहे. आधी ॲम्पचे बॉडीला कसलेले स्क्रू काढून त्याच्याखाली लाकडाची फळी सरकवा. ॲम्पचा ॲल्युमिनियमचा सांगाडा थेट पत्र्याला लागला की कधी कधी अर्थिंगची दुसरी वाट तयार होते. ॲम्प कायमचाच १२ एमएम प्लायवर बसवणं चांगलं. मग स्पीकरच्या वायरी एकेक काढा. दरवाजाच्या रबरी नळीत वायर सोलून पत्र्याला टेकलेली सापडते.

प्लग लावल्यावर सगळं शांत झालं तर ॲम्प निर्दोष, आवाज पुढून येतोय. आता बॅटरीवर चालणारा फोन किंवा जुना एमपी३ प्लेयर ३.५ एमएम ते आरसीए वायरीने थेट ॲम्पला लावा. फोन चार्जरला लावलेला नको. स्वच्छ वाजलं की तोच फोन डॅशमागे, आरसीए केबलच्या स्टिरिओकडच्या टोकाला लावा. इथे शिट्टी आली तर केबल किंवा तिचा मार्ग दोषी. इथेही स्वच्छ, आणि स्टिरिओ लावला की शिट्टी, तर स्टिरिओ आणि त्याचं अर्थिंग.

अर्थिंग मोजायचं कसं

‘अर्थिंग घट्ट आहे’ हे हाताने हलवून सांगता येत नाही. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक ॲम्पच्या अर्थिंगच्या स्क्रूवर. मीटरच्या वायरी आखूड पडतात, म्हणून घरगुती वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची ६ मीटर वायर क्रोकोडाइल क्लिप लावून जवळ ठेवा. आता बास असलेलं गाणं मोठ्याने लावा. मीटर ०.१ व्होल्टच्या खाली राहिला तर उत्तम. ०.२ च्या वर उडी मारत असेल तर अर्थिंगमध्ये विरोध (रेझिस्टन्स) आहे. ॲम्प ३० अँपिअर ओढत असेल तर फक्त ५ मिलिओहमच्या विरोधावर ०.१५ व्होल्ट पडतात, आणि ५ मिलिओहमसाठी लगखाली राहिलेला रंगाचा थर पुरे होतो.

मग हीच ६ मीटरची वायर ॲम्पच्या अर्थिंगपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती ओढा, खिडकीतून बाहेर काढली तरी चालेल. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा, ही वायर ॲम्पच्या पूर्ण करंटसाठी नाही. शिट्टी एकदम पडली तर निदान पक्कं.

दुरुस्ती अशी. कार्पेट उचला, जाड पत्र्याची जागा शोधा. दोन थर स्पॉटवेल्ड झालेली किंवा कंपनीचाच अर्थिंग बोल्ट असलेली जागा सगळ्यात चांगली. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी ठरलेल्या ताकदीने कसलेला असतो, आणि त्याच्या आट्यांवर बरेचदा लॉकिंगचा चिकट थर असतो, त्यामुळे करंटलाही वाईटच. रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात रंग आणि खालचा प्रायमर पॉलिश पेपरने पूर्ण काढा. पत्रा चांदीसारखा चमकला पाहिजे. करडा दिसला तर प्रायमर अजून आहे. लग पक्कडीने चेपून नका बसवू, क्रिंपिंग टूलने दाबा आणि ओढून बघा. एम८ बोल्ट, दातांचा स्टार वॉशर, लग थेट पत्र्याला टेकलेला, वरून साधा वॉशर आणि नट. कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा, आधी नाही. वायर ४५ सेंटिमीटरच्या आत. दोन ॲम्प असतील तर दोघांचं अर्थिंग एकाच बोल्टवर.

छिद्र पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात. डिकीत सीएनजी सिलिंडर असेल तर तिथे ड्रिल आणि ठिणगी दोन्ही नकोत. बॅटरीचा निगेटिव्ह काढूनच हात घाला आणि कंपनीचा तयार बोल्ट वापरा.

पावसाळ्यानंतर आवाज परत येण्याचं कारणही याच बोल्टपाशी सापडतं. मुंबईत आणि कोकणपट्टीत हवा खारट आणि दमट. ओले पाय, गळकं डिकीचं रबर, यांमुळे कार्पेटखाली ओल मुरते. उघड्या पत्र्यावर गंज चढतो, तांब्याच्या लगवर हिरवट थर येतो, आणि जूनमध्ये ०.०५ दाखवणारं अर्थिंग ऑक्टोबरात ०.३ वर गेलेलं असतं. फिल्टर याला काहीच करू शकत नाही.

बोनेटखालीही एक नजर टाका. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, बॅटरी निगेटिव्हपासून बॉडीची वायर आणि अल्टरनेटरपासून बॅटरीची वायर, या तिन्ही जागा साफ करून कसा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, असं ठेवून बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक ०.१ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच छोटा सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत जास्तीची वायर सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडायची. थेट खांबावर जोडली तर गाडीच्या चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त चार्ज करतो, म्हणून शिट्टी उतारावर किंवा पाय काढल्यावर अचानक मोठी होते. ते बघून घाबरू नका, कारण तेच आहे.

पॉवर वायर

वायरीची जाडी गेजमध्ये सांगतात, आकडा लहान तितकी वायर जाड. ‘८ गेज’ म्हणून मिळणाऱ्या किटमध्ये प्लास्टिक जाड आणि तार बारीक, असं खूप होतं. खऱ्या ८ गेजमध्ये ८.४ स्क्वेअर एमएम धातू असतो, ४ गेजमध्ये २१. टोक सोलून तार खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, सीसीए. ती तांब्याच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच वीज वाहते. अस्सल तांब्याच्या ८ गेजचा विरोध मीटरला सुमारे २ मिलिओहम. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर आणि ३० अँपिअर धरले तर ०.३ व्होल्ट वाटेतच जातात. ४ गेजला हेच ०.१२. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. तो आवाजासाठी नाही, आगीसाठी आहे.

पॉवर वायर एका बाजूच्या सिलखालून (दरवाजाच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून), आरसीए दुसऱ्या बाजूने किंवा मधून. ओलांडावीच लागली तर काटकोनात. आरसीए घेताना आत पिळलेल्या जोडीची घ्या. किंमत हे लक्षण नाही.

स्टिरिओच दोषी निघाला तर

अँड्रॉइड स्टिरिओची काळी वायर कंपनीच्या कपलरमधून जाते. ती बारीक असते आणि वाटेत तिच्यावर इतर उपकरणंही असतात. तिच्या जोडीला १.५ ते २.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर स्टिरिओच्या मागच्या स्क्रूपासून डॅशमागच्या लोखंडी आडव्या बारवर, रंग काढून, जोडा. तरीही शिट्टी राहिली तर तीच वायर मागे ॲम्पच्या अर्थिंग बोल्टपर्यंत न्या. दोन्ही उपकरणं एकाच बिंदूवर आली की फरकच उरत नाही.

आता ते आरसीए चालू असताना काढण्याचं. काही स्टिरिओत आरसीएचं बाहेरचं कडं बोर्डवरच्या एका अगदी नाजूक फ्यूजमधून अर्थला जोडलेलं असतं. ॲम्पचं अर्थिंग सुटलं, किंवा चालू सिस्टममध्ये आरसीए काढताना-लावताना कडं पॉवरला टेकलं, तर ॲम्पचा करंट या फ्यूजमधून जातो आणि तो एका क्षणात उडतो. स्टिरिओ वाजत राहतो, पण तेव्हापासून शिट्टी फार मोठी आणि कायमची. तपासायला स्टिरिओ बंद करा, आरसीए काढा, मीटर ओहमवर ठेवून आरसीएच्या कड्यापासून स्टिरिओच्या लोखंडी बॉडीपर्यंत मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा अर्धा ओहम वजा जाता जवळजवळ शून्य यायला हवं. मीटर शेकडो ओहम किंवा काहीच दाखवत नसेल तर फ्यूज गेला. तात्पुरती खात्री करायला सोललेली तार आरसीएच्या कड्याभोवती गुंडाळून दुसरं टोक स्टिरिओच्या बॉडीला लावा. शिट्टी गेली की कळलं. कायमचा उपाय म्हणजे बोर्डवरचा फ्यूज बदलणारा चांगला कारागीर. गुंडाळलेली तार सहा महिन्यांत सैल होते.

कंपनीचा स्टिरिओ आणि हाय-लो कन्व्हर्टर

कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नसेल तर स्पीकरच्या वायरींतला मोठा सिग्नल ॲम्पला चालेल इतका लहान करायला हाय-लो कन्व्हर्टर लावतात. पण या स्पीकर वायरींपैकी ‘मायनस’ ही अर्थ नसते. स्टिरिओ चालू करून कोणतीही स्पीकर वायर आणि बॉडी यांत डीसी मोजलंत तर बहुधा ६ ते ७ व्होल्ट दिसतील, दोन्ही वायरींवर. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये डाव्या-उजव्या मायनस आतून एकत्र करून अर्थला टेकवलेल्या असल्या की आवाज घुमतो, आणि स्टिरिओची आयसी जळण्याची भीती वेगळीच. ॲम्पला स्वतःचं हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारं) असेल तर तेच वापरा. कन्व्हर्टर घ्यायचाच तर ट्रान्सफॉर्मर असलेला घ्या आणि तो डॅशमागे न ठेवता ॲम्पजवळ ठेवा.

अल्टरनेटर खरंच गेलाय का

सगळं करूनही शिट्टी मोठी असेल, हेडलाइट आयडलला थरथरत असतील, किंवा रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर डायोडवर संशय घ्या. सहापैकी एक डायोड उघडा पडला, म्हणजे त्यातून करंट जाणंच थांबलं, की लाटांचा क्रम तुटतो आणि १२०० हर्ट्झच्या शिट्टीखाली २०० हर्ट्झची जाड घरघर ऐकू येते. मोजायला इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मीटर एसीवर लावा. शंभर मिलिव्होल्टच्या आत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अल्टरनेटर बेंचवर तपासून घ्या.

पण मीटरचा फसवेपणा ओळखा. बाजारात मिळणाऱ्या छोट्या पिवळ्या डीटी-८३० जातीच्या मीटरला एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते आणि त्याच्या आत डीसी अडवणारा कॅपॅसिटर नसतो. बॅटरीवर एसीला लावला की तो २८-३० व्होल्ट दाखवतो, टोकं उलटी केली की शून्य. हा अल्टरनेटरचा दोष नाही. एसीची २ व्होल्ट किंवा त्याहून लहान रेंज असलेला मीटर घ्या, किंवा वायरमनकडून तेवढंच मोजून आणा.

हिस आणि धप

इंजिनशी संबंध नसलेली ‘सूंऽऽ’ गेनमुळे येते. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, आलेला सिग्नल ॲम्पने किती पट वाढवायचा ते ठरवणारी खुंटी. स्टिरिओकडून येणारा सिग्नल कमी आणि ॲम्पचा गेन टोकाला, असं असलं की ॲम्प सिग्नलबरोबर आवाजातला कचराही वाढवतो. गेन किमान करा, स्टिरिओचे बास-ट्रेबल सपाट, व्हॉल्यूम तीन चतुर्थांशवर, स्पीकर काढून ठेवा. १ किलोहर्ट्झचा टोन लावून ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन चढवा. ४ ओहमला ५० वॉट हवे असतील तर वॉट गुणिले ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४ व्होल्ट. तिथे थांबा. सबसाठी हेच ५० हर्ट्झच्या टोनने. इथे मात्र साधा मीटर चालतो, फक्त आकडा भरकटत असेल तर चांगला वापरा.

चालू-बंद करताना ‘धप’ येत असेल तर ॲम्पची रिमोट वायर (ॲम्पला चालू-बंद व्हायचा इशारा देणारी) थेट इग्निशनवर जोडलेली आहे का बघा. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीवर हवी. दोन ॲम्प आणि पंखा मिळून त्या वायरीवर भार जास्त होत असेल तर मधे १२ व्होल्टचा रिले टाका.

फिल्टर आणि आयसोलेटर कधी

आरसीएच्या ग्राउंड लूप आयसोलेटरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा गाभा लहान असल्याने खालचा बास तिथेच गळतो आणि मोठ्या आवाजात फाटतो. सबवूफरच्या आरसीएवर तो लावणं म्हणजे सबवूफर बसवून अर्धा काढून घेणं. पुढच्या दरवाजांच्या चॅनलवर, वरचं सगळं तपासून झाल्यावरही बारीक शिट्टी उरली, तर लावा. पॉवर लाइनचा कॉइल आणि कॅपॅसिटरवाला फिल्टर स्टिरिओच्या वायरीवर, १० अँपिअरच्या आत, कधी कधी उपयोगी पडतो. ॲम्पच्या जाड वायरीवर त्याचा काही उपयोग नाही.

आवाज गेला की लगेच सोडून देऊ नका. ॲम्पच्या अर्थिंगवर मिळालेला व्होल्टचा आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून ॲम्पच्या बाजूला लावा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की तेच मोजमाप, तेच गाणं, तोच व्हॉल्यूम ठेवून पुन्हा घ्या. आकडा दुप्पट झाला असेल तर शिट्टी यायची वाट न बघता बोल्ट उघडून पत्रा पुन्हा घासा.